मधल्या माळ्याचे भाडेकरू

बाई चहा ढवळत नसत. कपात चहा ओतायच्या, वरून साखर अलगद सोडायच्या आणि चमच्याला हातही न लावता प्यायच्या. पहिले घोट कडू, शेवटचा नुसता पाक. मी त्यांच्याकडे खोली भाड्याने घेतली त्या संध्याकाळी मलाही तसाच चहा मिळाला. मी सवयीने चमचा शोधायला लागले, तर केवढ्याने ओरडल्या, "ढवळू नको गो!" कप माझ्या हातून पडायचाच राहिला.

मी मूळची फोंडाघाटची. आमच्याकडे चहा उकळतात, ढवळतात आणि बशीत ओतून फुरके मारतात. मालवण तालुक्यातल्या ह्या खाडीकाठच्या गावात हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी लागली म्हणून मी आले होते आणि राहायला खोली मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "बायंकडे आसा खोली. पण तू थंय ऱ्हवतलंस मा?" त्या 'मा'ला, म्हणजे 'ना'ला, सगळे असा काही हेल काढायचे की मला वाटलं, घरात भूतबीत असणार.

भूत नव्हतं, वास होता. कुजक्या अंड्याचा वास. ओटीवर पाय ठेवला की थेट नाकात शिरायचा. प्रत्येक खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरण्या मांडलेल्या. लोणच्याच्या बरण्या, पण आत लोणचं नाही, चिखल! गावच्या तळ्यातला चिखल, त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि अंड्याचा बलक घालून, वर तळ्याचं पाणी ओतून, झाकण लावून उजेडात ठेवलेला. त्या चिखलात महिन्या-दोन महिन्यांनी रंगांचे पट्टे उठायचे. तळाशी काळाकुट्ट, त्यावर शेवाळी हिरवा, त्यावर गुलाबी-जांभळा आणि सगळ्यात वर नितळ पाणी. दिसायला सुरेख होतं, खोटं कशाला बोलू? पण नाकाला कोण समजावणार!

"आधीचे भाडेकरू का गेले?" मी विचारलं.

"नाजूक होते," बाई म्हणाल्या. "तुझा नाक कसा आसा?"

"मोठं आहे."

"मगे ऱ्हव."

एवढ्यावर आमचा करार झाला.

बाईंनी जन्मभर मुंबईच्या कॉलेजात जिवाणूशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्या त्याच महिन्यात त्या गावी परतल्या होत्या. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. बाई म्हटलं की त्याच. पाठीमागे पोरं 'गंधकबाई' म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. लग्न केलं नव्हतं. मी आगाऊपणे कारण विचारलंच, तर म्हणाल्या, "बघूक इल्लो एक. पण तो चाय ढवळी." आणि असल्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या की हसावं की हळहळावं ते मला कळेना.

बोलायच्या मालवणी. मात्र रागावल्या की एकदम शुद्ध, कॉलेजातली मराठी सुरू व्हायची. त्यामुळे मालवणीत शिव्या देत असल्या तर मी निर्धास्त असायची. "हे पाहा" अशी सुरुवात झाली की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. फिनेलची बाटली घरात आणली म्हणून मी एकदा ते "हे पाहा" ऐकलं आहे, पुन्हा नाही आणली.

सगळा जीव त्यांचा त्या तळ्यात. तळं म्हणजे खरं तर जुनी चिऱ्याची खाण. चिरे काढून काढून ती चार पुरुष खोल गेली, मग खाडीचं खारं पाणी तळातून झिरपायला लागलं तेव्हा खाण सोडून दिली. वरून पावसाचं गोडं पाणी साठलं. खारं पाणी जड, गोडं हलकं. गोडं वर तरंगत राहिलं ते कायमचंच. गाव वरचं पाणी वापरायचा. म्हशी त्यातच डुंबायच्या, हिवाळ्यात काठावर वालीचे आणि तांबड्या भाजीचे वाफे त्याच पाण्यावर पिकायचे, मासेही बरे मिळायचे. जत्रेच्या दिवशी देवाची पालखी तळ्याभोवती फेरी घालायची. खाली काय आहे, ह्याची चौकशी करण्याचं कुणाला कारण पडलं नव्हतं.

बाईंना पडलं होतं, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षीच. पायातला चांदीचा वाळा तळ्यात पडला. कुणीतरी दुसऱ्या दिवशी बुडी मारून काढून दिला, तर काळा ठिक्कर! आईने आधी लेकीला बडवलं, मग वाळा घेऊन तडक सोनाराकडे गेली आणि चांदी म्हणून भलतंच दिलंस म्हणून त्याच्या दुकानात थयथयाट केला. सोनार बिचारा शपथा घेत राहिला. "त्या सोनाराचा नाव सोडवूक मी एमेस्सी केलंय," बाई सांगायच्या. मला ते शंभर टक्के खरं वाटतं.

तळ्याचं कोडं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं, हातात झाडू घेऊन, घराकडे बोट दाखवत.

"ह्या घरासारखेच तळ्याक तीन मजले. तळमजल्यार काळोख, हवा नाय. थंयचे भाडेकरू कुसलेलो पाचोळो खातत आणि खाऱ्या पाण्यातल्या गंधकाचो विखारी वायू करून सोडतत. तोच हो वास. मधल्या माळ्यार माझे गुलाबी. तेंका वरसून वायच ऊन गावता आणि खालसून तो वायू गावता. दोनय गावतत अशी जागा सगळ्या तळ्यात हातभरच! थंय ते दाटीवाटीन ऱ्हवतत आणि तो वायू खावन टाकतत. म्हणान वरच्या मजल्यार मासे जगतत, म्हशी जगतत, तू आणि मी जगतो, सरपंचपण जगता."

"आणि कुणी ढवळलं तर?"

झाडू खाली पडला. "तर तळमजलो वर येतलो. मासे उलटे. म्हशी पाण्याक तोंड लावच्यो नाय. आणि माझे गुलाबी मेले, की ते परत कदी येतीत ता देवाक ठावक." त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा केर काढला, काही कारण नसताना.

पाणी काढायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. दोन रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधून तराफा केलेला. साडीचा काष्टा मारून त्यावर मांडी घालून बसायच्या आणि दोरी ओढत तळ्याच्या मध्यावर जायच्या. तिथे गेल्यावर आधी काही करायचंच नाही. पाण्यावरचा शेवटचा तरंग विरेपर्यंत नुसतं बसायचं. मग दगड बांधलेली बाटली सोडायची. तिला दोन सुतळ्या, एक बाटलीची, एक बुचाची. हव्या त्या खोलीवर गेली की बुचाची सुतळी हिसडायची. बाटली वर यायची ती गुलाबी! अगदी पातळ केलेल्या सोलकढीसारखी.

आणि ह्या सोलकढीनेच माझी अब्रू घेतली. माझे वडील फोंडाघाटहून पहिल्यांदाच मला भेटायला आले होते. भर दुपारची वेळ, एसटीत उभं राहून आलेले. बाई बाहेर गेल्या होत्या. मी फ्रिज उघडला, समोर काचेच्या बाटलीत गुलाबी कढी. म्हटलं, वा! पेल्यात ओतली, वरून कोथिंबीर घातली आणि कौतुकाने नेऊन दिली. बाबांनी पेला ओठाजवळ नेला आणि तिथेच थांबले. माणूस भिडस्त. म्हणाले, "कढी वायच उतरली काय गो?"

तेवढ्यात बाई दारात. पेला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, बाबांच्या काळजीने. कुठचं काय!

"पियाललास नाय मा? सक्काळी तराफ्यार बसान काढलंय तो!"

बाबांच्या हातातून पेला काढून घेतला आणि चिमटीने कोथिंबिरीचं एकेक पान वेचत बसल्या. मग बाबांना तीन मजले, गंधक, खारं-गोडं सगळं ऐकावं लागलं. बाबा निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई शाणी आसा. देवमाणूस. पण तू जेवणाचा आपला वेगळा बघ."

देवमाणूस म्हणाले खरे, पण देवळातच बाईंची गंमत व्हायची. आमच्या ह्या पट्ट्यात देवाला गाऱ्हाणं घालतात. मानाचा गावकार देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मोठ्याने एकेक मागणं मागतो आणि जमलेला सगळा गाव प्रत्येक मागण्याला एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" ज्याने ते एकदा ऐकलं त्याच्या अंगावर काटा आला नाही असं होत नाही. माझ्या तर दर वेळी येतो. बाई जत्रेला न चुकता यायच्या, पुढे उभ्या राहायच्या, हात जोडायच्या, पण तोंड घट्ट मिटलेलं.

एकदा मी विचारलं, "नास्तिक आहात का?"

"मगे हात कित्याक जोडी?" त्या म्हणाल्या. "तो म्हणता, अमक्याचा बरा होवंदे, तमक्याची इडापिडा टळली. सगळे म्हणतत 'व्हय'. माका काय ठावक? मी बघलंय? न बघता 'व्हय' म्हणूक माका जमणा नाय."

गावकाराला हे लागायचं. तो त्यांच्याच वयाचा, प्राथमिक शाळेत एका बाकावर बसलेला. दर वर्षी गाऱ्हाणं संपलं की यायचा आणि म्हणायचा, "गो, एकदा तरी म्हण. तुझो एक आवाज कमी पडता." बाई म्हणायच्या, "बघूया रे." दोघंही हट्टी, दुसरं काय!

मग सरपंचाच्या डोक्यात कारंजं शिरलं.

सरपंच वाईट माणूस नव्हता. तरुण, उत्साही, गावासाठी रात्रंदिवस धावणारा. पण मिठबावकडे कुठल्याशा लग्नाला गेला आणि वाटेत एका गावाने पर्यटकांसाठी केलेली रोषणाई बघून आला, तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. आपल्या तळ्यात रंगीत दिव्यांचं कारंजं पाहिजे! जत्रेच्या दिवशी, पालखी तळ्याभोवती फिरत असताना उद्घाटन! उन्हाळ्यात वरचं पाणी खाली जातं म्हणून पंपाचा पाइप थेट तळाला सोडायचा, असं ठरलं.

मी ही बातमी घरी आणली तेव्हा बाई चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, चमचा घेतला आणि कपात गरागरा फिरवला. मी बघतच राहिले.

"हे पाहा," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे असं होणार आहे."

देवळाच्या मांडवात सभा भरली. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि, काय सांगू, घात झाला. पन्नास मुलांच्या वर्गासमोर बोलायची सवय. सल्फेट काय, ऑक्सिडेशन काय, प्रकाशाच्या लहरी काय! म्हातारे पेंगायला लागले. मी मागून खुणा करून दमले. शेवटी एकाने हात वर केला.

"बाईनू, हे जिवाणू म्हणजे रोगाचे जंतूच मा?"

"जंतू म्हणजे... जिवाणूच, पण सगळे जिवाणू काही..."

पुढचं कोण ऐकतो! आवशीचो घो, तळ्यात जंतू आसत! ज्यात पोरं पोहतात, म्हशी पितात, त्यात जंतू! एकच गलका. आणि सभेने एकमताने ठरवलं की कारंजं तर करायचंच, पण आधी तळ्यात भरपूर ब्लीचिंग पावडर टाकायची. बाई ज्यांना वाचवायला गेल्या होत्या, त्यांच्यावर त्यांनी स्वतःच दुहेरी फाशी आणून ठेवली.

सभेतून आम्ही घरी आलो. एवढ्या उंच बाई, पण त्या दिवशी मला लहान दिसल्या. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "बाई, ह्या लोकांना शास्त्र नको. सरळ सांगा, तळ्याच्या तळाशी राखणदार आहे, त्याला डिवचलं तर गावावर कोप होईल. उद्या पंप परत जातो की नाही बघा!"

"हे पाहा," बाई म्हणाल्या. "मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना एकच गोष्ट सांगितली. पाहिल्याशिवाय लिहू नका. आता म्हातारपणी मी माझ्या जिवाणूंची भुतं करू? त्यांना वाचवायचं तर ते जे आहेत तेच म्हणून वाचवीन. नाहीतर नाही."

मग अंधारत आलेल्या ओटीवर, त्या बरण्यांसमोर, बाई रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. काय करावं ते सुचेना. शेवटी चहा केला आणि न ढवळता नेऊन दिला.

शेवटच्या, पाकाच्या घोटाशी त्या थबकल्या. म्हणाल्या, "मास्तरनी, माझो वाळो!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गावकाराचं घर गाठलं. मी होतेच बरोबर.

"रे, पालखीत देवाचो मुखवटो आसा, तेची चांदी खरी मा?"

गावकार भडकलाच. "शंभर नंबरी! माझ्या आज्याच्या वेळची!"

"मगे कारंज्याचो शितोडो उडलो तर ती काळी पडतली."

"अभद्र बोला नको गो!"

"माझ्यार विश्वास ठेव नको. बघया. पंप सोडूच्या आधी एक दोर सोडूया, चांदी बांधून. वरपासून तळापर्यंत. काळी नाय पडली तर मी परत तोंड उघडूचंय नाय."

गावकार उठून आत गेला आणि कमरेचा चांदीचा करगोटा काढून घेऊन आला. "हो पण बांध," म्हणाला.

पंप उतरवायच्या दिवशी अख्खा गाव तळ्यावर. सरपंचाने हसत हसत परवानगी दिली होती, त्यालाही आपलं म्हणणं सिद्ध करायचंच होतं. त्याच्या बायकोने तर हौसेने स्वतःचं पैंजण काढून दिलं. काथ्याच्या दोराला सगळ्यात वर ते पैंजण बांधलं. त्याखाली बाईंच्या आईचा कुंकवाचा करंडा, त्याखाली गावकाराचा करगोटा. आणि अगदी टोकाला, दगडाच्या वर, बाईंनी एमेस्सीला मिळालेलं आपलं रौप्यपदक बांधलं. मी म्हटलं, "अहो, ते नको." त्या म्हणाल्या, "कपाटात बसान काय करता ता?"

सकाळीच दोर तळ्यात सोडला. गावकाराने काठावर उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तळ्याच्या काठार जमली आसत. बाई म्हणता, तळात विख आसा. सरपंच म्हणता, नाय. जा काय खरा आसात, ता ह्या दोराक बांधून वर हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाईंचं तोंड मिटलेलं. त्या दिवशीसुद्धा! मला हसू आलं आणि रागही आला.

दुपारची आरती झाल्यावर दोर ओढायला सरपंच स्वतः तराफ्यावर गेला. पैंजण वर आलं. लख्ख! काठावरून टाळ्या. करंडा वर आला. तोही लख्ख. आता लोक उघड उघड हसायला लागले. सरपंच ओरडला, "बाईनू, खंय आसा तुमचा विख?" बाईंनी डोळे मिटून घेतले आणि माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. त्यांनाही भीती वाटते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मी, न बघता 'व्हय' म्हणणारी, देवाला नवस बोलून मोकळी झाले.

सरपंचाने आणखी हातभर दोर ओढला आणि नाकाला रुमाल लावला.

करगोटा आला. काळा! गावकाराच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. आणि शेवटी पदक वर आलं ते कोळशासारखं काळं. त्यावरचं विद्यापीठाचं नाव शोधून सापडत नव्हतं. वाऱ्याबरोबर तो वास काठावर आला आणि पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली. काठावरच्या दोन म्हशी तर उठून चालायलाच लागल्या. हशा बंद.

आता बाईंनी तोंड उघडलं. आणि मालवणीत उघडलं, देवाची कृपा!

"वास खालसून वर येता. करगोटो काळो, करंडो लख्ख. म्हणजे मधी खंयतरी तो अडता. कोण अडवता? बगा!" तराफ्यावरून सरपंचाकरवीच त्यांनी मधल्या खोलीची बाटली भरून घेतली. उन्हात धरली. गुलाबी! "हे अडवतत. हेंका जंतू म्हणा, काय पण म्हणा. हे आसत म्हणान वरचा पाणी गोडा आसा. तुमी पावडर टाकून हेंका मारतलास आणि पंपान तळचा विख वर उडवतलास. मगे म्हशी खंय नेतलास? आणि देवाचो मुखवटो?"

सरपंचाने बाटलीकडे बघितलं, पदकाकडे बघितलं, बायकोच्या पैंजणाकडे बघितलं. मग त्या पठ्ठ्याने छाती काढून सांगितलं, "मी पयल्यापासून म्हणत होतंय, पंप नको!"

अख्खा तळ्याचा काठ हसला. बाई सगळ्यात मोठ्याने. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. गावकाराने त्यांच्या पाठीत धपाटा घातला, शाळेतल्यासारखा. मी तर चक्क उड्या मारल्या, शाळेतली मुलं समोर होती तरी. मारल्या, त्यात काय!

त्या संध्याकाळी बाईंच्या ओटीवर बायकांची ही गर्दी. बाईंनी ॲल्युमिनियमचं पातेलं मांडलं, त्यात मीठ आणि खाण्याचा सोडा टाकून उकळतं पाणी ओतलं आणि करगोटा सोडला. बघता बघता काळेपणा उतरला आणि चांदी चमकायला लागली. बायका धावत घरी जाऊन जुने करंडे, निरांजनं, छल्ले घेऊन आल्या. सरपंचाची बायको तेवढी हिरमुसली, कारण तिचं पैंजण काळं झालंच नव्हतं. पदक मात्र बाईंनी पातेल्यात टाकलं नाही. ते तसंच काळं, देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलं. म्हणाल्या, "मेल्यान पयल्यांदाच काय तरी काम केल्यान."

पंप शाळेच्या बागेला मिळाला. ब्लीचिंग पावडरची पोती नाहीशी झाली. सरपंचाने तळ्यावर फक्त वल्ह्याची होडी ठेवली आणि मोठी पाटी लावली, 'तळे ढवळू नये'. पर्यटक आले की स्वतः बाटलीने गुलाबी पाणी काढून दाखवतो आणि असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, एमेस्सी ह्यानेच केलं आहे. बाई लांबून ऐकतात. चुकला तरी दुरुस्त करत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "निवळांदे वायच. मगे सांगान."

जत्रेच्या दोन दिवस आधी गावकार आमच्या ओटीवर आला. चहा घेतला, चमचा मागितला नाही. म्हणाला, "गो, तुझ्या त्या गुलाबी लोकांका राखणदार म्हटला तर चलात?"

"नको. ते राखण करूक बसाक नाय. ते जेवतत. तेंच्या जेवणात आमची राखण होता."

गावकाराने मान डोलावली आणि कप ठेवून गेला. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

जत्रेला देऊळ माणसांनी फुललेलं. ह्या वर्षी बाई नेहमीच्याच जागी, हात जोडून, तोंड मिटून, आणि मी त्यांच्या शेजारी. गावकार देवापुढे उभा राहिला. पाऊसपाणी मागून झालं, व्हय म्हाराजा. दर्यावर गेलेल्यांची आठवण झाली, व्हय म्हाराजा. मुंबईतल्या चाकरमान्यांची झाली, व्हय म्हाराजा. मग तो जरा थांबला आणि त्याने आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आमच्या तळ्याच्या मधल्या माळ्यार, डोळ्यांका दिसनत नाय असे जीव आसत. ते तळचा विख खातत. तेंच्या जेवणान आमचा पाणी गोडा ऱ्हवता, आमची गुरां जगतत, तुझी चांदी लख्ख ऱ्हवता. ह्या आमका कोणी सांगलेला नाय, आमच्या डोळ्यांनी बघलेला आसा! तेंका कोणी ढवळू नये, कोणी मारू नये, अशी सगळ्यांका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव गर्जला.

गर्जना विरली. आणि मग माझ्या शेजारून, सगळ्यांच्या मागाहून, एकटा, चिरका, देऊळभर घुमणारा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

सगळ्या माना वळल्या. गावकार पुढचं गाऱ्हाणं विसरून नुसता बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी बाईंकडे बघितलं. पदराने नाक पुसत त्या माझ्यावरच खेकसल्या, "बघतंस काय? ह्या मी बघलेला आसा."